लग्नाच्या लॉनवरची बुरशी : बेळगावातील एका हिरवळ-निगा सेवेचे परीक्षण

बेळगावात आणि आसपासच्या गावांत मंगल कार्यालयाला जोडून लॉन असणे आता जवळजवळ गरजेचेच झाले आहे. खानापूर रस्ता, हिंडलगा, येळ्ळूर अशा भागांत कार्यालय बांधणारा मनुष्य स्वयंपाकघराइतकाच खर्च हिरवळीवर करतो. पण एकदा ती लावून झाली की पुढची निगा बहुतेक ठिकाणी बोअरचे पाणी, मूठभर युरिया आणि महिन्यातून एकदा फिरणारे कापणी यंत्र एवढ्यावरच चालते. आमच्या कार्यालयाच्या हिरवळीवर तपकिरी डाग वारंवार पडू लागल्याने आम्ही जवळच्या एका नर्सरीची वार्षिक निगा-सेवा घेतली. एक पावसाळा आणि एक लग्नसराई पार पडल्यानंतर, या सेवेत पैसे कशाचे द्यावेत आणि कशाचे देऊ नयेत, याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. परीक्षणात तक्रारीही आहेत, म्हणून नर्सरीचे नाव लिहिलेले नाही.

आमच्या लॉनचा पुढचा भाग नर्सरीवाले ज्याला ‘मेक्सिकन’ म्हणतात त्या झॉयशिया कुळातील गवताचा असून मागचा, जेवणाच्या मांडवाकडचा भाग साध्या हरळीचा आहे. जमीन तांबडी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्याच्या रात्रीही फारशा तापत नाहीत, पावसाळ्यात आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, आणि परतीचा पाऊस ओसरला की पहाटेचे दव सुरू होते. गवताचे पान रात्रभर ओले राहणे ही बुरशीची पहिली गरज असते, आणि ती आपल्या हवेत वर्षातले कित्येक महिने आयतीच भागते. त्यात आमच्या धंद्याची स्वतःची भर आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अंथरलेली जाजमे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच राहतात, आणि त्यांच्याखाली कोंडलेली ओल व ऊब बुरशीला हवी तशीच असते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालय जवळपास रिकामे असते. त्याच काळात रोग मुरतो, आणि मुहूर्त सुरू होताना हिरवळ सर्वांत वाईट अवस्थेत असते. म्हणून निगा-सेवेची खरी परीक्षा चातुर्मासातच होते.

या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रोग ओळखण्याची त्यांची पद्धत. पहिल्या भेटीत त्यांच्या पर्यवेक्षकाने औषधाचा पंप गाडीतून खालीही उतरवला नाही. डागाच्या मधले मेलेले गवत सोडून, डागाच्या कडेचे, अर्धे हिरवे आणि अर्धे वाळलेले पान त्याने चिमटीत धरले, भिंगाखाली पाहिले आणि मलाही दाखवले. पानाच्या मधोमध फिकट पेंढ्याच्या रंगाचा पट्टा होता, दोन्ही बाजूंनी डमरूप्रमाणे मध्ये आवळलेला, आणि त्याच्या वर-खाली तांबूस तपकिरी रेघ. हा डॉलर स्पॉट. या रोगाच्या बुरशीला स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा म्हणत असत. 2018 साली तिचे वर्गीकरण बदलून क्लॅरिरीडिया असे प्रजातीनाम देण्यात आले. खात्रीसाठी त्याने बोटभर गवत ओलसर कागदात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत बांधून माझ्याकडेच ठेवले आणि सकाळी उघडून पाहायला सांगितले. सकाळी पिशवीत पानापानांमध्ये पांढरे तलम धागे पसरलेले होते. हेच धागे पहाटे दवात हिरवळीवरही दिसतात, पण ऊन चढले की नाहीसे होतात, आणि आमच्याकडचा गडी पाणी सोडायला येतो तो नऊ वाजता.

ओळख पटवण्याचा हा खटाटोप का हवा, तर दोन मुख्य रोगांची खताविषयीची वागणूक एकमेकांच्या उलट असते. डॉलर स्पॉट उपाशी गवतावर, म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी पडलेल्या हिरवळीवर जोर धरतो, आणि थोडे नत्र दिले की गवत नवी पाने काढून त्यातून सावरते. याउलट रायझोक्टोनिया या बुरशीचा तपकिरी चट्टा अतिरिक्त नत्राने लुसलुशीत झालेल्या गवतावर झपाट्याने पसरतो. रात्रीचे तापमान 20 अंशांच्या वर असेल आणि पान सलग दहा-बारा तास ओले राहिले, तर एका रात्रीत हातभर रुंदीचे वर्तुळ दिसू लागते. ज्या हिरवळीला तपकिरी चट्टा आहे तिला कोणी ‘पिवळी पडली’ म्हणून युरिया फेकला, तर त्याने रोगालाच खतपाणी घातले असे समजावे. रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी खानापूर-बेळगावच्या भातशेतकऱ्यांना नवी नाही. भातावरचा पर्णकोष करपा हिचाच. फरक एवढाच की भातावर ती जिथे दिसते तिथे शेतकरी ओळखतो, आणि लॉनवर दिसली की मालक पाणी वाढवतो.

तिसरा रोग अधिक फसवा आहे. मे महिन्यात वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतर, हात धुण्याच्या नळांकडून उतरत येणाऱ्या पाण्याच्या रेषेत गवत काळपट, तेलकट आणि चिकट होऊन आडवे पडले. हा पिथियमचा प्रताप. आले पिकवणाऱ्यांना कंदकुजीमुळे पिथियमचे नाव ठाऊक असते. व्यवहारात आपण त्यालाही बुरशीच म्हणतो, पण शास्त्रीयदृष्ट्या तो खऱ्या बुरशींच्या कुळातला नसून निराळ्या गटातला जीव आहे. यातून निघणारी व्यावहारिक गोष्ट अशी की कार्बेन्डाझिमसारखे घरोघरी असणारे बुरशीनाशक त्याच्यावर निरुपयोगी ठरते, आणि मेटॅलॅक्झिल वर्गातले औषध लागते. सेवेच्या माणसांनी हे न विचारता सांगितले आणि औषधाआधी नळांच्या बाजूला चर काढून पाणी वळवले. आमच्याकडे पिथियम पुन्हा दिसला नाही. त्याचे श्रेय मी औषधापेक्षा त्या चराला देतो.

तांबेऱ्याबद्दल थोडक्यात. पुढच्या मेक्सिकन गवतावर, आंब्याच्या सावलीत, नारिंगी भुकटी धरते आणि वरपक्षाच्या पांढऱ्या धोतरांचे काठ रंगतात. गवत मरत नाही, पण तक्रार मात्र लगेच येते. सावलीच्या फांद्या विरळ करणे, थोडे नत्र देणे आणि कापलेले गवत गोळा करून बाहेर टाकणे एवढ्याने काम भागते, आणि सेवेनेही तेवढेच केले.

पाण्याच्या बाबतीत त्यांचा आग्रह मला सुरुवातीला जाचक वाटला होता, पण त्याचा परिणाम मित्र-बुरशीच्या पावडरीपेक्षा (तिच्याविषयी पुढे) आधी दिसला. संध्याकाळचे पाणी पूर्ण बंद करून पहाटे द्यायचे, रोज थोडे देण्याऐवजी दोन-तीन दिवसांतून एकदा खोलवर जाईल असे द्यायचे, आणि दवाच्या दिवसांत सूर्य वर येण्यापूर्वी दोन माणसांनी लांब दोरी दोन टोकांना धरून हिरवळीवरून ओढत न्यायची, म्हणजे पानांवरचे थेंब गळून पडतात. “काका, औषध नंतर मारूया की, आधी ह्या संध्याकाळच्या पाण्याचं बघा,” हे पर्यवेक्षकाचे वाक्य मी आता आमच्या गड्याला ऐकवतो. दोरी ओढण्याच्या या कामाला एक पैसाही लागत नाही, आणि ते बिलातही दाखवता येत नाही. तरी त्यांनी ते सांगितले, ही प्रामाणिकपणाची खूण मानायला हरकत नाही. जाजमांबाबतही त्यांनी स्पष्ट नियम घातला : जेवण उरकले की लगेच गुंडाळायची, आणि एकाच जागी सलग दोन कार्यांना अंथरायची नाहीत. मांडववाल्यांना हे पटवणे सोपे नसते, हे वेगळे.

आता ज्यासाठी बहुतेक लोक ही सेवा घेतात ती मित्र-बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा. त्याची माहितीपत्रके वाचली की ते सर्व रोगांवरचे औषध आहे असा समज होतो. तसे ते नाही. ट्रायकोडर्मा ही मातीत नैसर्गिकपणे असणारी, वेगाने वाढणारी बुरशी आहे. ती मुळांभोवतालची जागा आणि अन्न आधी व्यापून टाकते. रायझोक्टोनियासारख्या बुरशीच्या धाग्याला स्वतःच्या धाग्यांचे वेढे घालते. आणि कायटिनेज व ग्लुकानेज ही विकरे (एन्झाइम) सोडून त्या धाग्याची भिंत विरघळवते. शिवाय तिच्या सान्निध्याने गवताची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. हे सगळे मातीत, मुळांशी आणि जमिनीलगतच्या वाळक्या काड्यांच्या थरात घडते. त्यामुळे मातीतून येणाऱ्या रोगांना ती आळा घालू शकते, पण तांबेऱ्यासारख्या, जिवंत पानाच्या आत राहणाऱ्या रोगापुढे तिचे काही चालत नाही, आणि पसरलेला चट्टा आठवड्यात भरून काढण्याची अपेक्षाही तिच्याकडून करू नये. ती रोगाच्या आधी जमिनीत असायला हवी.

या बाबतीत सेवेचे काम मला मनापासून आवडले. कोरडी पावडर हिरवळीवर उधळण्याऐवजी त्यांनी ती आधी वाढवली. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर असल्याने प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, सहज मिळतो. पण तो ताजा असताना तापतो, म्हणून पूर्ण कुजलेलाच घ्यावा लागतो. असा कुजलेला प्रेसमड आणि शेणखत मिळून सुमारे 100 किलोला एक किलो पावडर या प्रमाणात मिसळून त्यांनी आमच्याच शेडच्या सावलीत ढीग लावला, ओल्या गोणपाटाने झाकला आणि मधूनमधून उलथवला. आठवड्याभरात ढिगाच्या वरच्या भागावर प्रथम पांढरी आणि मग हिरवट बुरशी चढली. हाताला ढीग कोमट लागत होता आणि वास ओल्या मातीचा येत होता, आंबूस नव्हे. दोन आठवड्यांनी हेच खत बारीक चाळणीतून गाळून, वाळूत मिसळून, काट्याने हिरवळीला भोके पाडून त्यांत झाडूने लोटले. हे काम मृग नक्षत्राच्या आधी झाले, त्यामुळे पहिल्या पावसाबरोबर बुरशी मातीत उतरली. त्या पावसाळ्यात हरळीच्या भागात तपकिरी चट्टे स्पष्टपणे कमी झाले. मेक्सिकनच्या भागात फरक त्या मानाने थोडा वाटला. तिथे वाळक्या काड्यांचा थर दीड-दोन बोटे जाड आहे, आणि तो विरळ केल्याशिवाय कोणतेही खत मातीपर्यंत पोहोचणे कठीण आहे.

पावडरीच्या पुड्याबद्दल एक गोष्ट ग्राहकाने स्वतः पाहावी. रोगनियंत्रणासाठी विकला जाणारा ट्रायकोडर्मा 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीकृत असावा लागतो; पुड्यावर नोंदणी क्रमांक, बुरशीचे पूर्ण नाव, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि दर ग्रॅममधील जिवंत बीजाणूंचा आकडा असायला हवा. शंखजिऱ्याच्या (टाल्कच्या) भुकटीतल्या एक टक्का पावडरीसाठी हा आकडा ग्रॅमला किमान वीस लाख असतो. बीजाणू हे जिवंत असतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या दुकानात तापलेल्या पुड्यात ते झपाट्याने कमी होतात, बाहेरून पुडा कितीही ताजा दिसो. आमच्याकडे आलेले पुडे पहिल्या वेळी चार महिन्यांचे आणि सुस्थितीत होते. माहितीपत्रक कन्नड आणि इंग्रजीत होते, पण त्यातला मजकूर पर्यवेक्षकाने मराठीत वाचून दाखवला. तो स्वतः घरी कन्नड बोलणारा, मराठी मात्र आपल्या वडगाव-शहापूरची. अशा कामात भाषेची अडचण येत नाही हे सीमाभागाचे सुख आहे.

पण पावसाळ्याच्या मध्यावर जे घडले ते या सेवेच्या नावाला शोभणारे नव्हते. पर्यवेक्षक रजेवर असताना आलेल्या दोन मुलांनी ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकाच पंपात कालवून फवारले. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला अत्यंत घातक आहे. एकाच टाकीत दोन्ही घालणे म्हणजे एका पुड्याचे पैसे दुसऱ्या पुड्याने जाळणे होय. रासायनिक औषध मारायचेच असेल तर त्यानंतर किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवून मित्र-बुरशी द्यावी, असा साधा नियम आहे, आणि तो त्यांच्याच पत्रकावर छापलेला होता. तक्रार केल्यावर नर्सरीने पुढच्या भेटीत ट्रायकोडर्माचा हप्ता विनामूल्य दिला. तरी ज्या सेवेत कौशल्य एकाच माणसाजवळ आहे त्या सेवेवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न उरतोच.

दुसरी तक्रार मायकोरायझाची. ही बुरशी गवताच्या मुळांत शिरून राहते, मातीतले स्फुरद (फॉस्फरस) मुळांपर्यंत आणून देते आणि बदल्यात गवताकडून शर्करा घेते. तांबड्या जमिनीत स्फुरद मातीला जखडून राहते, म्हणून तिचे महत्त्व कागदावर खरे आहे. पण ही बुरशी जिवंत मुळांशिवाय वाढू शकत नाही, आणि कित्येक वर्षांची जुनी हरळी असलेल्या जमिनीत ती बहुधा आधीपासूनच असते. नवी हिरवळ लावताना, विशेषतः बांधकामानंतर खालची नापीक माती वर आलेली असेल तेव्हा, तिचा पुडा मुळांशी घालण्यात अर्थ आहे. जुन्या हिरवळीवर पावडर फवारून ती मुळांपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय आमच्या हिरवळीला त्याच महिन्यात डीएपी हे स्फुरदयुक्त खत दिले होते, आणि स्फुरद मुबलक असेल तर गवत या बुरशीला मुळात थाराच देत नाही. तरीही बिलात मायकोरायझाची ओळ होती, आणि ती ट्रायकोडर्माच्या ओळीपेक्षा जड होती. पुड्यावर उत्पादनाची तारीखही धड वाचता येत नव्हती. विचारल्यावर ‘पॅकेजमध्येच येते’ असे उत्तर मिळाले, ते मला पटलेले नाही.

जुलैमध्ये जुन्या फणसाच्या बुंध्याच्या जागी अळंबीच्या छत्र्यांचे मोठे वर्तुळ उगवले तेव्हा मात्र त्यांनी काही विकले नाही, आणि हे मी त्यांच्या बाजूला मांडतो. जमिनीत राहिलेले लाकूड कुजवत ही बुरशी बाहेरच्या दिशेने पसरते. कुजण्यातून सुटणाऱ्या नत्रामुळे वर्तुळाच्या कडेचे गवत गडद हिरवे होते, आणि कधी मातीत धाग्यांचे इतके दाट जाळे होते की पाणी आत मुरत नाही. त्यावर बुरशीनाशक ओतून फारसे साधत नाही. काट्याने खोल भोके पाडून पाणी मुरवणे आणि जमल्यास लाकूड उकरून काढणे हाच मार्ग. पर्यवेक्षकाने एक मोठी पांढरी छत्री उपटून तिचा दांडा काढला आणि ती पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली. काही तासांनी कागदावर हिरवट भुकटीचा ठसा उमटला. हिरवट ठसा म्हणजे क्लोरोफायलम, हिरवळीवर उगवणारी विषारी छत्री, जिने पोटात तीव्र कळा आणि उलट्या सुरू होतात. पावसाळ्यात अळंबी खाणारा आपला मुलूख आहे, आणि आमच्या आचाऱ्याने ती टोपलीत भरायला घेतलीच होती. छत्र्या हातमोजे घालून काढून टाकाव्यात आणि लहान मुले येणार असतील त्या दिवशी सकाळी हिरवळ एकदा फिरून पाहावी, ही सूचना आम्ही आता कामाच्या यादीत लिहून ठेवली आहे.

दराबद्दल बोलायचे तर सेवा स्वस्त नाही. स्वतःचा माळी असलेल्या घरगुती हिरवळीला ती परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. पाण्याची वेळ बदलणे, यंत्राचे पाते धारदार ठेवणे, एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून अधिक न कापणे आणि पावसाआधी ट्रायकोडर्मायुक्त शेणखताचा एक हात, एवढे घरी करता येते. मोठ्या लॉनला, जिथे एका मुहूर्ताच्या दिवशी डाग दिसले तर पुढचे आरक्षण हुकते, तिथे रोग नेमका कोणता हे सांगणाऱ्या डोळ्यासाठी पैसे मोजावेत असे माझे मत आहे. पाचपैकी साडेतीन गुण मी देतो : ओळखीला आणि पावसाआधीच्या कामाला पूर्ण, मायकोरायझाच्या ओळीला शून्य, आणि पंपाच्या प्रकाराचे गुण कापलेले.

पुढच्या वर्षाचा करार आम्ही तीन बदलांसह केला आहे : मायकोरायझा वगळायचा, प्रत्येक पुडा फोडण्याआधी तारीख दाखवायची, आणि फवारणी पर्यवेक्षक हजर असतानाच करायची. कोणाला ही सेवा घ्यायची असेल तर एप्रिलच्या अखेरीस सांगून ठेवावे, कारण खताचा ढीग मृगाआधी पिकायला हवा. खानापूर, हिंडलगा, येळ्ळूरपर्यंत येण्याचे ते वेगळे घेत नाहीत, निपाणी आणि चिकोडीकडच्यांकडून गाडीभाडे मात्र घेतात.